उकिडवा बसणारा माणूस

अमेरिकन माणसाला उकिडवं बसता येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, श्रूजबरी गावातल्या एका वृद्धाश्रमात डॉक्टर होते. तिथे एक म्हातारा रोज दुपारी यायचा आणि बायकोच्या व्हीलचेअरसमोर चक्क उकिडवा बसायचा. बसताना गुडघे कटाकटा वाजायचे.

पक्षाघाताने बायकोची वाचा गेली होती. तो मांड्यांच्या आडून तिला बोटं दाखवायचा. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे खिडकी उघडू का, तीन म्हणजे बागेत जाऊ या. ती मानेने हो किंवा नाही म्हणायची.

"खुर्ची देऊ?" मी एकदा विचारलं.

"नको, डॉक्टर. मी बेसबॉलमध्ये कॅचर होतो, बॅट्समनच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. मोठ्या लीगमध्ये एकच उन्हाळा मिळाला, बाकी जन्म लहान गावांच्या टीममध्ये असाच बसून गेला." त्याची बोटं मोडून वेडीवाकडी जुळली होती. "चेंडू कसा टाकायचा, ते आम्ही पिचरला बोटांनी सुचवतो, समोरच्या टीमला दिसू नये म्हणून मांड्यांआडून. त्याला नाही पटलं तर दुसरी खूण. तो हो म्हणेपर्यंत खुणा बदलत राहायचं."

हिवाळ्यात तिची मान हलेनाशी झाली. तरी तो दुपारभर खुणा बदलत राहायचा.

ती गेल्यावर तो तिचे कपडे न्यायला आला आणि सवयीने रिकाम्या व्हीलचेअरसमोर बसला. मी त्याला उठवायला गेले, पण का कोण जाणे, शेजारी उकिडवी बसले. त्याचा हात मांड्यांआड गेला होता. एकही बोट उघडलं नव्हतं.