'पाठवलं!' म्हणणारं ॲप

आता हसू नका, पण माझ्यामुळे पातेलंभर पुरण वाया जायची वेळ आली होती, आणि तीही एका मोबाइल ॲपपायी!

घाटकोपरला माझ्या मावशीचं पोळी-भाजी केंद्र आहे. मी नववीत शाळा सोडलेला, व्हिडिओ बघून बघून ॲप बनवायला शिकलेला. मावशीसाठी एक बनवलं. तिने पदार्थाचा फोटो टाकून बटण दाबायचं, की सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप! पण फोटो जाईपर्यंत ॲप ठप्प.

"ह्याला झोप लागली काय रे?" मावशी विचारायची.

चूक माझीच. ॲपचा मेन थ्रेड, म्हणजे स्क्रीन सांभाळणारं मुख्य काम, ही गल्ल्यावर बसलेली मावशी समजा. तिलाच पोळ्या लाटायला बसवलं तर गिऱ्हाइकाशी कोण बोलणार? म्हणून फोटो पाठवायचं काम मी मागे, बॅकग्राउंडला ढकललं. आता बटण दाबलं की लगेच 'पाठवलं!' झकास!

शनिवारी मावशीने पुरणपोळीचा घाट घातला. फोटो टाकला, 'पाठवलं!' वाचलं आणि ॲप वर सरकवून बंद केलं. आमच्याकडे खोलीतून उठताना दिवा-पंखा बंद करायचाच, हा नियम. तिने तो ॲपलाही लावला. त्याबरोबर माझं मागचं कामही बंद, फोटो जायच्या आधीच!

दुपार झाली, एक गिऱ्हाईक नाही.

"निरोप गेला ना रे?"

"गेला ना मावशी. लिहिलंय की तसं!"

"लिहिलं कोणी?"

मीच लिहिलं होतं!

"जा, आता बिल्डिंगमध्ये तोंडाने सांगून ये."

मी? मला तर रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणतानाही घाम फुटतो! दुसऱ्या मजल्यावर बेल दाबली. काकूंनी दार उघडलं.

"काय रे?"

"ते... पु... पु..."

"वर्गणी? दिली की परवा!" धाडकन दार बंद.

जिन्यात बसून राहिलो. शाळेतही असंच व्हायचं. बाई विचारायच्या, "समजलं?" मी लगेच, "हो!" आत काही पोचलेलंच नसायचं. ॲप माझ्यावरच गेलं होतं, यार!

उठलो. पुन्हा बेल. "काकू, पुरणपोळी. गरम आहे."

एवढंच बोललो, पण पोचलं. मग प्रत्येक दारात तेच. संध्याकाळी पातेलं रिकामं!

रविवारी ॲप सुधारलं. आता निरोप खरंच जाईपर्यंत 'पाठवतोय...' दिसतं, आणि ॲप बंद केलं तरी मागचं काम थांबत नाही. मावशीला सगळं नीट सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तुझं काय चुकलं, ते समजलं ना तुला?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"समजतंय, मावशी..."

"बरं. मग समजेपर्यंत जिने चढ. काकूंना आजपण पोळ्या हव्यात!"