दोनदा परत आणलेली बाई

आमच्या गावच्या वाचनालयात मागच्या महिन्यात एक पाहुणे आले आणि नाटक-कादंबऱ्यांतल्या कणखर बायकांवर दीड तास बोलून गेले. चांगलं बोलले. एका बाईनं नवऱ्याला सोडलं, दुसरीनं गावाला तोंड दिलं, तिसरी प्रेमात फसली तरी वाकली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी कोणाला काही बोलायचं आहे का असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. चिटणीस म्हणाले, "बाबाजी, चहा झाल्यावर बोला." चहा झाला आणि पाहुणे गाडीत बसले. म्हणून मी हे लिहून काढतो आहे. मी चौथी शिकलेला माणूस, ऱ्हस्व-दीर्घ माझ्या बापालाही कळलं नाही, ते छापणाऱ्यानं पाहून घ्यावं. पण माझं वाक्य कोणी बदलायचं नाही. वाक्य बदललं की काय होतं ते मला ठाऊक आहे आणि तेच मला सांगायचं आहे.

शाळेत मी नुसती अक्षरं ओळखली. अक्षराला अक्षर जोडून पुढं कसं चालायचं ते देवळात शिकलो, श्रावणात, पोथीवर. आमच्याकडं पोथीला दोघं लागतात. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचणारा मी. अर्थ सांगणारा माझा सोबती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, खामगावच्या कापसाच्या जिनिंगात बरीच वर्षं काढून आलेला. पोथीचा एक नियम मी कधी मोडला नाही. अमंगळ जागी वाचन थांबवायचं नाही. कोणी मेलं, कोणी वनवासाला निघालं, कोणाचं घर मोडलं, तिथं पोथी बांधून ठेवली तर ते दुःख ऐकणाऱ्यांच्या घरात शिरतं असं आमचे म्हातारे सांगत. मग किती का उशीर होईना, बायका उठून का जाईनात, वाचत राहायचं. काही चांगलं घडलं की मगच पोथी बांधायची.

आता माझी बायको. ती सातवी शिकलेली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढं. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही आणि तेच मला जास्त लागायचं. पुस्तकाचा तिला फार नाद. वावरातून येऊन चूल पेटवली की भाकरीचा तवा तापेपर्यंत दोन पानं वाचून घ्यायची. मी बोलत असायचो, ती पान उलटत असायची. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. मेहकरच्या डॉक्टरनं सांगितलं, मग बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर आता येत नाही. घरी आल्यावर ती रडली नाही. कोनाड्यातलं अर्धं वाचलेलं पुस्तक चाचपून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे वाचनालयात वापस करून द्या."

"काऊन वापस? मी वाचतो नं."

असं मी म्हणून गेलो. म्हटलं तर म्हटलं, मग माघार नाही. रोज दुपारी चार वाजता ओट्यावर ती भिंतीला टेकून बसायची आणि मी वाचायचो. मला पोथीची चाल सोडून दुसरी चाल येत नाही. ओळीखाली बोट आणि ओळ संपली की हेल. तिला हसू आवरायचं नाही.

"अवो, ते दोघं हाटेलात बसून चहा पिऊन राह्यले. तुम्ही तं आरती म्हणून राह्यले."

"मंग ऐकू नको."

"ऐकून तं राह्यली. पन त्या बिचाऱ्यायचा चहा थंडा होऊ देऊ नका."

रस्त्यानं जाणारे थांबून ऐकायचे, कोणी तोंड दाबून हसायचे. सोबती एकदा चार माणसांत म्हणाला, "काऊन बे, म्हातारपणी बायकोचा नोकर झाला काय?" मी म्हणालो, "तुह्या बायकोले दोन्ही डोळ्यांनी दिसते, तरी ते तुह्या तोंडाकडे पाहत नाही. तू तुहं पाय." त्यानंतर माझ्यासमोर कोणी तो विषय काढला नाही.

या हिवाळ्यात तिनं स्वतःहून एक पुस्तक मागितलं. जुनं आहे म्हणाली, एका नर्सबाईची गोष्ट आहे. वाचनालयातल्या बाईनं कपाटाच्या खालच्या फळीवरून शोधून दिलं. पुन्हा बांधणी करताना वरचा कागद गेलेला, नुसता तपकिरी पुठ्ठा, नाव कुठंच नाही. गोष्ट अशी, की एक बाई नर्सिंग शिकलेली आहे. नवरा कचेरीत. तो मारत नाही, पीत नाही. फक्त ती काही बोलली की तो पेपर वाचत असतो. तिला लांबच्या एका गावी दवाखान्यात जागा मिळते. नवरा म्हणतो, जायचं नाही. तीनशे पानं हेच.

मला त्या बाईचा राग यायचा. मी मध्येच पुस्तक मिटून म्हणायचो, "नवरा सोन्यासारखा आहे. हिले दुखून काय राह्यलं?"

"वाचा पुढं," ती म्हणायची.

"उद्या हे घर सोडून जाईल, पाह्यजो तू."

"वाचा नं."

शेवटच्या पानावर आलो. बाई घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडं देते आणि बसमध्ये जाऊन बसते. खाली चार ओळी उरल्या होत्या. त्या मी मनात वाचून घेतल्या. नवरा येत नाही, ती उतरत नाही आणि पुढं पान नाही. आता काय करायचं? भरल्या घरात, दिवेलागणीच्या तोंडावर, घर मोडलेल्या जागी वाचन थांबवायचं? माझ्या जिभेला ते जमेना. मी बोट त्या ओळींखालीच ठेवलं, हेल तोच ठेवला आणि म्हणालो, "पुढच्या थांब्यावर नवरा सायकल घेऊन उभा होता. त्याला पाहून ती उतरली. त्यानं तिचा हात धरला. दोघं घरी आली आणि तिनं तुळशीपुढं दिवा लावला." मग पुस्तक मिटून कपाळाला लावलं.

ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"दिवा त्याच पानावर लावला काय?"

"त्याच."

"बरं," म्हणाली आणि भिंत धरत आत गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी नवं पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो. ती आली नाही. आतून म्हणाली, "आज नको." तिसऱ्या दिवशीही नको. चौथ्या दिवशी मुलगा रविवारचा घरी आला. आई माझं वाचन ऐकत नाही म्हटल्यावर त्यानं घरातल्या फोनमध्ये काहीतरी केलं आणि त्यातून एका बाईचा आवाज यायला लागला, भराभर, न थांबता, कादंबरी वाचणारा.

"बाबा, आता तुमच्या घशाला आराम," मुलगा म्हणाला.

मी आराम मागितला नव्हता. चार वर्षं मी दुपारची झोप सोडली, लोकांची बोलणी खाल्ली, चष्मा दोनदा बदलला आणि माझी जागा त्या डबीनं घ्यावी? आठवडाभर मी ओट्यावर एकटा बसलो. आतून त्या फोनातल्या बाईचा आवाज यायचा. तिला ना हेल ना दम. कोणी मेलं तरी तोच आवाज, लग्न झालं तरी तोच. शेवटी मी दारात जाऊन उभा राहिलो.

"चांगलं वाचते काय हे बाई?"

"नाई. लय वाईट वाचते," ती म्हणाली. "पन जे लिहिलं ते वाचते."

म्हणजे माझी लबाडी तिला कळली होती. पण मी वाकणारा माणूस नाही. म्हणालो, "अमंगळ जागी वाचन थांबवत नसतात. तुले नेम ठाऊक नाही काय?"

"अमंगळ हाय हे कोणं ठरवलं?"

"घर मोडलं तिचं."

"तिले विचारलं काय तुम्ही?" ती म्हणाली. "ते पुस्तक म्या वाचेल हाय. माहेरी होती नं ते दोन महिने, तवा. दोनदा वाचलं. आंधळी झाली म्हून काय इसरून गेली?"

ते दोन महिने मी इथं सांगितले पाहिजेत. आमच्या लग्नाचं तिसरं वर्ष होतं. शेजारच्या गावात अंगणवाडीची जागा निघाली होती. तिनं मला न विचारता अर्ज भरला आणि तिचं नाव लागलं. मी म्हणालो, माझी बायको दुसऱ्याची पोरं सांभाळायला जाणार नाही. दुसऱ्या दिवशी ती ट्रंक घेऊन माहेरी गेली, देऊळगाव राजाच्या पलीकडं. दोन महिन्यांनी मी गावातली दोन वडीलधारी माणसं घेऊन गेलो आणि तिला घेऊन आलो. तोवर ती जागा दुसऱ्या बाईनं घेतली होती. "गेलो, हात धरला आणि घेऊन आलो," हे मी देवळाच्या पारावर चाळीस वर्षं सांगत आलो आहे. कोणाच्या घरात भांडण झालं की लोक मला म्हणायचे, तुमचं सांगा याला. मी सांगायचो.

"आना ते पुस्तक," ती म्हणाली. "वाचा त्या चार ओळी. चाल लावू नका."

मी पुस्तक आणलं आणि चाल न लावता वाचलं. नवरा आला नाही. बस घाटाला लागली तेव्हा बाईला भूक लागली. तिनं डबा उघडला आणि खिडकीबाहेर पाहत तो संपेपर्यंत ती जेवली. संपलं.

"जेवली ते," माझी बायको म्हणाली. "पोटभर जेवली. याच्यात अमंगळ कोठी हाय, दाखवा मले."

मी त्या ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग जे चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू वापस काऊन आली होती?"

"तुम्ही आनलं म्हून नाही आली," ती म्हणाली. "भावजयीनं माही ताटली वेगळी ठेवली, त्या दिवशी समजलं का हे घरही माहं नाही. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी म्या ट्रंक भरून ठेवली होती. तुम्ही नसते आले तरी सकाळच्या गाडीनं आली असती. तुम्ही आले, हात धरला, म्हटलं धरू द्या. पन तुम्ही तं चाळीस वर्सं तेच वाचून राह्यले पारावर."

मी खाटेवर बसलो. बसल्यावरही मला एक गोष्ट विचारायचीच होती, कारण म्हातारा झालो तरी मी पुरुष आहे. "मंग जीव कधी लागला माह्यावर? का लागलाच नाही?"

"लागला," ती म्हणाली. "मंग लागला. कधी लागला ते सांगत नाही. तुम्ही त्याच्यातही दिवा लावसान."

आणि पुढं म्हणाली, "मले वाचून दाखवायचं असंल तं जिथं खोटं सांगतलं तिथं जाऊन खरं सांगा. नाहीतर हा फोन बरा हाय."

मी तीन दिवस पाराकडं गेलो नाही. मला कोणी अट घातली की माझं डोकं फिरतं, मग घालणारी ती का असेना. पण घर खायला उठलं होतं. त्या फोनातल्या बाईनं एक कादंबरी संपवून दुसरी सुरू केली होती. चौथ्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळी देवळात भजन झालं, टाळ खाली ठेवले गेले, पंधरा-वीस माणसं पाराजवळ बसलेली. माईक अजून सुरू होता. एक जण बंद करायला उठला. मी म्हणालो, "राहू दे, मले बोलायचं हाय."

आणि बोललो. बायकोला मी आणली नव्हती, तिची ट्रंक भरलेली होती, ती स्वतःच्या हिशेबानं आली. अंगणवाडीची जागा मी घालवली. चाळीस वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं त्यातला माझा हात काढून टाका.

पोरं हसली. सोबती म्हणाला, "बायकोनं पाठवलं वाटते."

"हाव, पाठवलं. तुले कोणी पाठवत नाही हेच तुहं दुखणं हाय."

"अबे, पन आता या वयात हे सांगून फायदा काय? गावात इज्जत होती तुही."

"होती तं होती," मी म्हणालो. "अर्थ सांगणारा तू हायेस. मी वाचणारा. लिहिलं ते वाचलं."

दोघं-तिघं उठून गेले. त्यांच्या घरी मी पूर्वी समजूत घालायला गेलो होतो, त्यांना राग येणारच. येऊ द्या. पाहुणे दीड तास बोलले तरी ऐकणाऱ्या गावकऱ्यांतल्या एकालाही राग आला नाही, याचा मला आता अर्थ लागतो. पुस्तकातली बाई घर सोडून गेली की सगळे टाळ्या वाजवतात, कारण ती त्यांच्या घरातून गेलेली नसते.

मी घरी आलो. ती ओट्यावर बसली होती. देवळावरचा भोंगा आमच्या घराकडंच तोंड करून आहे.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"आलं. मधात खरखर करत होता भोंगा. ट्रंकेचं काही समजलं नाही."

"उद्या जाऊन पुन्हा सांगतो."

"नका जाऊ, लोक मारतीन तुमाले," ती म्हणाली आणि सरकून माझ्यासाठी जागा केली. "फोन बंद करून द्या अन् चष्मा घ्या."