कडूबाई आणि चाळीस हजार लेकरं

कडूबाईला स्वतःचं एकही लेकरू नव्हतं, पण बेंबळी गावाजवळच्या त्या वाडीत तिनं अंगावरचं दूध तोडलं न्हाय असं पोर सापडणं मुश्कील. तीन-तीन वर्षांचे दांडगे गडी दारात गोट्या खेळून यायचे आन् आईचा पदर ओढायचे. आई रडकुंडीला आली की कडूबाईला सांगावा जायचा. ती यायची, पोराचा जबडा उघडून बघायची आन् म्हणायची, "वीस दातांचा गडी दुधावर कसा काय राहतो?" मग आईची रवानगी चार दिवस माहेरी. पोराला पहिल्या दिवशी वाटीभर म्हशीच्या दुधात चिमूटभर भाकरी, दुसऱ्या दिवशी दूध कमी भाकरी जास्त, असं करत पाचव्या दिवशी ती त्याला कोरड्या भाकरीवर आणून सोडायची. आई परत येईस्तोवर पोरगं चटणी मागायचं.

बहात्तरच्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. तिथं सरकारची सुकडी मिळायची. ती भुकटी बघितली की बारकी पोरं तोंड गच्च मिटायची. कडूबाई त्यांच्यापुढं मांडी घालून बसायची, स्वतः बकाबका खायची आन् म्हणायची, "लई ग्वाड हाय. तुमाला न्हाय द्यायची." लगेच पोरं तिच्या हातातली सुकडी हिसकायची. तिला स्वतःला सुकडी घशाखाली उतरत नव्हती, पण हे तिनं कुणाला सांगितलं न्हाय.

त्याच तलावावर सात-आठ वर्षांनी मासे पाळायची सोसायटी निघाली. चेअरमन झाले नानासाहेब, साठ एकरांचे धनी. माशाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की तो पाण्यात राहतो आन् बाजारात लवकर वास मारतो. सेक्रेटरी झाला शांतलिंग. त्याच्या सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलं नव्हतं. सभेच्या वहीत 'मासा' लिहावं लागलं की तो ओळ पुरी करून हात धुऊन यायचा.

त्या साली मृग कोरडा गेला. तलावात कमरेएवढं पाणी. तरी मत्स्यबीज ठरल्या दिवशी एस्टीनं आलं: हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत चाळीस हजार पिल्लं, एकेक जिऱ्याएवढं, म्हणून सगळे त्याला जिरंच म्हणायचे. नानासाहेबांनी काठाला खड्डा खोदून घेतला आन् मोठ्या हौसेनं आपल्या विहिरीचं पाणी मोटरीनं त्यात भरलं. काचेसारखं पाणी, तळातला खडा मोजून घ्यावा असं.

तिसऱ्या दिवशी मत्स्य खात्याचे साहेब आले. पाण्यात वाकून बघितलं आन् डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चेअरमन, हे पाणी तुम्हाला-आम्हाला प्यायला ठीक आहे. यात यांनी खायचं काय?"

"मासं पाणीच खात्यात न्हवं?" नानासाहेब म्हणाले.

साहेबांनी समजावलं. पिल्लं पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव खातात. ते जीव हिरव्या पाण्यात असतात आन् पाणी हिरवं होतं शेणानं. पण वाडीतली निम्मी जनावरं चारा-छावणीला गेलेली, राहिलेल्यांचं शेण चुलीत जायचं. "आणि आता शेण टाकून वाट बघायला वेळही नाही. शेंगदाण्याची पेंड आणि गव्हाचा कोंडा मैद्यासारखा दळा आणि त्याची सवय लावा. आठ दिवसांनी येतो. खात असतील तर पुढचं बी इथंच. नाहीतर तलाव दुसऱ्या सोसायटीला जाईल."

साहेबांची जीप वळणाआड गेली न गेली तोच नानासाहेबांनी अख्खी पेंड उचलून खड्ड्यात टाकली, म्हशीपुढं टाकावी तशी. ती तळाला जाऊन बसली आन् फुगली. जिरं तिच्या लांबून लांबून फिरत राहिलं.

बघायला जमलेल्या बायकांत कडूबाई होती. "चेअरमन, तान्ह्या पोराच्या तोंडात कुणी अख्खं कणीस देतं व्हय?"

"मग तूच खायला घाल की कडूमावशी. तुझा तर तेवढाच हुद्दा हाय."

"घालते की. आठ दिसांत खाल्लं न्हाय तर ह्या वाडीत कुणाच्या लेकराच्या तोंडाला म्या हात लावणार न्हाय."

सगळ्या वाडीसमोर बोलून गेली आन् घरी येऊन पस्तावली. खडी आता तिच्या हातानं फुटत नव्हती. लेकरांचं काम गेलं तर तिला हाक मारायला वाडीत कुणाला कारणच उरत नव्हतं.

सकाळी ती खड्ड्यावर गेली तर नानासाहेब पाटीभर कडुनिंबाचा पाला घेऊन हजर. "अंगावरचं तोडायला हे लावत्यात. मला म्हाईत हाय."

"व्हय, आईला लावत्यात. ह्यांची आई कुठं हाय?"

नानासाहेबांनी खड्ड्यात बघितलं, काठावर बघितलं. "साहेबाला इचारावं लागंल," म्हणाले आन् पाटी बाजूला ठेवली.

कडूबाईनं रात्रीच डोकं चालवलं होतं. ह्यांचं दूध म्हणजे हिरवं पाणी. गावामागं म्हसरं लोळायचं एक डबकं होतं, पोपटी रंगाचं. तिनं तिथलं पाणी जुन्या लुगड्याच्या चौघडीतून गाळलं, पाणकिडे आत जाऊन जिरं खाऊ नयेत म्हणून. घागरभर हिरव्या पाण्यात पेंड-कोंड्याचं चिमूटभर पीठ कालवलं आन् काठावर उकिडवं बसून वंजळीनं सोडलं. सवयीनं तोंडातून निघालं, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा."

"मावशी, पाखरांची नावं तेवढी घेऊ नका," शांतलिंग काकुळतीला येऊन म्हणाला. "सकाळधरनं त्यो बगळा टपून बसलाय."

तवापासून घास गाईचा आन् म्हशीचा झाला.

रोज हिरवं पाणी कमी, पीठ जास्त. पण पाचव्या दिवशी गाडी अडली. जिरं हिरवं तेवढं टिपायचं आन् पिठाचा कण तोंडात घेऊन थुंकायचं. पिठाची साय पाण्यावर तशीच. नानासाहेब मिशीत हसले. "मावशी, आता कशाला जीव आटवतीस?"

कडूबाई पाण्याला नाक लावून बघत होती. थुंकतंय म्हणजे तोंड तरी उघडतंय. ती उठली. "समोर कुणीतरी खाल्ल्याबिगर लेकरू खात न्हाय. काठाला बसून पेंड खावी लागंल."

"कुणी?"

"शांतलिंगाचा आज सोमवार. मला दाढा न्हाईत. आन् घरचा कर्ता बसल्याबिगर पंगत सुरू हुती का?"

सगळ्यांनी नानासाहेबांकडं बघितलं. "मी साठ एकरांचा मालक," ते म्हणाले.

"मासं मालकाचा सातबारा वाचत न्हाईत," कडूबाई म्हणाली. "बसा. पाण्याकडं तोंड करा. आन् आवडल्यासारखं खावा, नाटक केलं की लेकरू वळखतंय."

तलाव जाणार म्हटल्यावर माणूस काय करील. नानासाहेब मांडी घालून बसले, पेंडीचा खडा तोंडात टाकला आन् पाण्याकडं बघून "हं, झकास हाय" म्हणाले. कडूबाईनं त्याच घटकेला पीठ सोडलं. आधी एका धीट जिऱ्यानं कण घेतला. थुंकला न्हाय. त्याच्या मागनं दुसरं आलं, मग शंभर आली, मग खड्ड्याच्या त्या कोपऱ्याला पाऊस पडल्यासारखी बुडबुड सुरू झाली.

"चावत राहा, थांबू नका," कडूबाई म्हणाली. नानासाहेबांना थांबायचं भानच नव्हतं. इतक्या जणांनी त्यांचं ऐकल्याचं ते पहिल्यांदाच बघत होते.

आठव्या दिवशी साहेब आले. काठावर सतरंजी टाकून चेअरमन पेंड खातायत, शेजारी सेक्रेटरी तांब्या धरून उभा, आन् एक म्हातारी "हा घास म्हशीचा" म्हणत पीठ सोडतीय. पाण्याला उकळी फुटल्यागत चाळीस हजार तोंडं वर आलेली. साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. मग त्यांनी डायरीत लिहिलं, 'पिल्लांनी खाद्य स्वीकारले', आन् चेअरमनबद्दल काय लिहावं ते न सुचल्यानं डायरी मिटली.

"पुढचं बी इथंच देतो," ते म्हणाले. "फक्त आता ते हिरवं पाणी मिसळणं थांबवा, बाई."

"त्ये परवाच बंद केलं, सायेब. नुसत्या पिठावर हायेत."

नानासाहेबांचा जबडा थांबला. "मग मी कशापायी खातोय?"

कडूबाईनं पाण्याकडं बोट दाखवलं. नानासाहेब थांबल्याबरोबर कडेचं जिरं जरा पांगल्यागत झालं होतं. वाऱ्यानंही झालं असंल. "तेंचा तुमच्यावर जीव बसलाय, चेअरमन. आता मधीच सोडून कसं चालंल? बोटाएवढी हुईस्तोवर बसावं लागंल."

"किती दिस?"

"म्हयना धरा."

नानासाहेबांनी साहेबांकडं बघितलं. साहेब शास्त्र शिकलेला माणूस, पण चाळीस हजार तोंडांपुढं त्यालाही खात्री देता येईना. नानासाहेबांनी पेंडीचा दुसरा खडा उचलला आन् शांतलिंगाला म्हणाले, "उद्यापासनं जरा गूळ आणत जा."