पेन्सिलीतलं नाव

"कागद कुठंय, डिअर?" असं म्हणत ती कानामागची पेन्सिल काढायची. तुम्ही नुसतं म्हणा, उद्या पाऊस आहे म्हणे. त्यालासुद्धा हाच प्रश्न.

मी अमेरिकेत एडिसनला मुलाकडे राहायला आले तेव्हा ही शेजारीण पंचाहत्तरीची असेल. जन्मभर शाळेची बस चालवलेली. रिटायर झाल्यावर तिने एकच ध्यास घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून जहाजाने इथे येऊन जमीन कसणारा आपला मूळपुरुष, टॉमस नावाचा, त्याचं सगळं घराणं शोधून काढायचं. वंशावळ जेवणाच्या टेबलावर पसरलेली, म्हणून बाई जेवायची ओट्याशी उभ्याने.

तिचा नियम असा, की ऐकीव नाव पेन्सिलीने लिहायचं. जन्माची नोंद, मृत्युपत्र, काहीतरी हाताला लागलं की मगच शाईने. स्वतःच्या आजीला तिने सहा वर्षं पेन्सिलीत ठेवलं होतं!

"अगं, तिच्या मांडीवर वाढलीस ना तू?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

"वाढले. पण कागद कुठंय?"

मुलगा-सून ऑफिसला जायचे आणि मला काही गाडी येत नाही. मग ती मला घेऊन जायची, कुठे, तर जुन्या दफनभूमीत. माझं काम आरसा धरायचं. थडग्यावर ऊन आडवं पाडलं की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. "लेफ्ट, डिअर. थोडं खाली. स्टॉप!" आरसा घेऊन थडग्यांमधून फिरतानाचा माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बघून पुण्याहून बहिणीने विचारलं, "तिकडे भुतांचं हळदीकुंकू आहे का गं?"

आता मला बढाई मारायची खोड. एक दिवस मी आमचा कुलवृत्तांत नेऊन तिच्यापुढे ठेवला. सासरच्या घराण्याचं जाडजूड पुस्तक, बारा पिढ्या. तिने आधी हात धुतले, मग ते हातात घेतलं. "या पुस्तकासाठी आमच्या घरचा फॉर्म मीच भरलाय," मी म्हटलं.

त्यानंतर महिन्याभराने ती मागच्या दाराने आली आणि न विचारता खुर्चीवर बसली. टॉमसचं मृत्युपत्र सापडलं होतं. तिने वाचून दाखवलं. मुलांच्या नावाने दोन गाई, एक पलंग, कथलाच्या पाच थाळ्या आणि हॅना नावाची एक गुलाम बाई.

"थाळ्यांच्या खाली लिहिलंय तिला," ती म्हणाली. "मी कुठं लिहू?"

उन्हाळ्यात तिचे सगळे नातेवाईक जमणार होते. हे आणलंस तर आम्ही येणार नाही, असं चुलतभावाने फोनवर सांगितलं होतं. आणि मी काय म्हटलं असेन? "गाळून टाक. कोणाला कळतंय?"

तिने पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली. "तुमच्यात गाळतात?"

"छे! आमचं पूर्ण आहे."

आता हे पूर्ण म्हणजे काय ते ऐका. माझी थोरली नणंद, आक्का. तिला फिट्स यायच्या, म्हणून तिचं लग्न झालं नाही. मी बँकेत जायची आणि माझ्या मुलाला ती सांभाळायची. त्याला पहिला वरणभात तिने भरवला, त्याच्या गोवरात सात दिवस उशाशी तीच होती. फॉर्म आला तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलासाठी स्थळं बघणं चाललं होतं. फिट्सचं घराणं म्हणतील, या भीतीने 'बहिणी' असं लिहिलेल्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. यांनी बघितलं. चष्मा पुसत बसले.

शेजारणीने हॅनाला वंशावळीत घेतलं. शाईने, टॉमसच्या घरातल्या माणसांच्या ओळीत. चुलतभावाकडचे खरंच आले नाहीत. बटाट्याच्या सॅलडचं अर्धं पातेलं परत आलं, ते आम्ही दोघींनी तीन दिवस खाल्लं. तेव्हा सांगायचं होतं मला. शब्द अगदी ओठावर आले होते. मी म्हटलं, "मोहरी जरा जास्त झालीय."

पानगळीत तिने माझ्या हातात एक गुंडाळी दिली. मी पुस्तकातून वाचून दाखवलेल्या आमच्या बारा पिढ्या, तिच्या वळणदार इंग्रजी अक्षरात, सगळ्याच्या सगळ्या शाईने.

"अगं, कागद न बघता?"

"फॉर्म तू भरलास ना? मग तूच कागद."

मी तिच्या गालाला गाल लावला आणि गुंडाळी पलंगाखाली ढकलली.

फेब्रुवारीत ती गेली. घर विकलं गेलं. तिच्या भाचीने तो आरसा तेवढा मला आणून दिला. त्यानंतर एका रविवारी मी गुंडाळी काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली. मुलगा येऊन वाचायला लागला. बोट वडिलांच्या नावावर आलं, शेजारच्या मोकळ्या जागेत सरकलं आणि तिथेच थांबलं.

"आई, आक्काआत्या कुठंय?"

मी सांगितलं. सगळं. माझ्याकडे न बघता त्याने हात पुढे केला. मग म्हणाला, "पेन दे."

मी पेन्सिल दिली.

"पेन का नाही?"

"शाईला कागद लागतो, बाळा. तिचा कागद, तो फॉर्म, माझ्याच हातात आला होता, आणि मी त्यावर रेघ मारली."