धक्क्यावरची चाल

समुद्रापार, लाँग माउंटनच्या उसाच्या मळ्यावर माझ्या शेजारच्या खोपटात राजापूरकडचा एक गडी राहायचा. त्याचा डावा पाय वर्षभर सुजलेला होता. काटा नाही, जखम नाही. डॉक्टरलाही कारण सापडेना. त्याला एका जागी बसवत नसे. बोलता बोलता उठे, अंगठ्याने सूज दाबून बघे आणि म्हणे, "आज उतरलीय जरा, नाय?"

त्याचा मजुरीचा करार संपला. मुंबईच्या बोटीवर चढण्याआधी डॉक्टरने सगळ्यांना चालायला लावलं. लंगडणाऱ्याला मागे ठेवत. हा धक्क्यावरून ताठ चालत गेला, वर डॉक्टरला हसून रामरामही केला.

मी पोचवायला गेलो होतो. शिडीपाशी त्याचा हात धरला, तर त्याने सगळा भार माझ्यावर टाकला.

"फार दुखतंय का रे?"

"हळू बोल गड्या, डागदर अजून बघतोय," तो म्हणाला आणि मुद्दाम तोच पाय आधी शिडीवर टाकला.