पाठीवरचा पिन

रिसोडच्या स्टँडसमोरचा मोबाइलवाला म्हणजे फारच व्यवस्थित माणूस. गिऱ्हाइकाचा फोन आधी शर्टाला पुसणार, मगच उघडणार. माझ्या मुलीच्या गेमला त्यानं पालकांचं लॉक टाकून दिलं आणि लॉकचा पिन मार्करनं तिच्याच फोनच्या पाठीवर ठळक लिहिला.

"अहो, हे काय?"

"बाप लोक इसरतेत ना भाऊ. मंग मलेच तरास."

चार दिवसांत मुलीनं आपलं लॉक काढलं आणि माझ्या पत्त्यांच्या गेमला घातलं. पिन तिचा. मी तणतणत दुकान गाठलं. त्यानं माझा फोन शर्टाला पुसला, उलटसुलट करून पाहिला.

"पोरीनं काम पक्कं केलं," तो कौतुकानं म्हणाला. "फक्त मांगं पिन लिवाचा राह्यला."