बाटलीतलं नको, तळ्यातलं

माझी थोरली मुलगी पर्यावरण रसायनशास्त्र शिकते. बारावीनंतर पाच वर्षं सलग, बीएस्सी आणि एमएस्सी एकाच दमात. हे नातेवाइकांना समजावता समजावता मी म्हातारा झालो. लग्नाच्या मांडवात कुणीतरी विचारतंच, "पाच वर्ष? मंग डाक्टर होते का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो.

"मंग काय करते?"

"पाणी तपासते."

"पाणी तं आमी पिऊनच तपासतो."

यावर आधी मी चिडायचो. आता मी "खरं आहे" म्हणतो, कारण मीसुद्धा एकदा तसंच तपासलं आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी तिला कापसाच्या शेतांमधल्या तळ्यांचं पाणी हवं होतं. फवारणीचे दिवस होते. "एकटी नको जाऊ," असं तिची आई तिला म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी तहसिलीत कारकून. लोकांच्या हद्दीची भांडणं कागदावर ऐटीत मिटवणारा, पण प्रत्यक्ष बांधावर नेलं की गाडीपाशीच थांबणारा माणूस. सोबत म्हणून माझी निवड झाली यावरून आमच्या घरात माणसांची किती टंचाई आहे हे कळेल.

मोटारसायकलवर मागे बर्फाची थर्माकोलची पेटी बांधायची, ती धरून मुलगी बसायची. तळ्यावर पोचलो की ती हातमोजे घालायची, डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडाला मास्क. एक तपकिरी काचेची बाटली भरायची, ती फवारणीचं औषध शोधायला. दुसरी साधी. त्या दुसरीत ड्रॉपरनं तीव्र आम्लाचे थेंब टाकायचे, म्हणजे पाण्यातले धातू बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटून बसत नाहीत. बेल्याकडच्या गावांत सगळं सुरळीत झालं. फार तर पोरांनी पेटी पाहून कुल्फी मागितली.

मग तामसीकडच्या एका गावात गेलो. आधी पंचायतीत सांगायचं, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. पंचायतीला कुलूप होतं. वाट पाहिली, पण बर्फ वितळायला लागला, तेव्हा तळ्यावर उतरलो. आम्हाला ठाऊक नव्हतं की थोड्याच दिवसांपूर्वी त्या तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले होते, आणि कुणीतरी पाण्यात काहीतरी कालवलं असं सारं गाव धरून बसलं होतं.

पलीकडे एक बाई कपडे धूत होती. तिनं आमच्या मुलीच्या हातातला ड्रॉपर पाहिला.

"काय टाकून राह्यली वं तळ्यात?"

"तळ्यात नाई मावशी, बाटलीत!" मुलगी मास्कमधून ओरडली. बाईनं कपडे तिथंच टाकले आणि शेतांकडे पळत सुटली.

"चल," मी म्हटलं.

"बाबा, तपकिरी बाटली राह्यली. तशीच गेलो तं पुन्यांदा यावं लागन."

पुन्हा यायच्या कल्पनेनं मी आणखी घाबरलो आणि थांबलो.

माणसं कापसातूनच उगवल्यासारखी आली. कुणाच्या पाठीवर फवारणीचा पंप तसाच. एका तरण्यानं काही न बोलता माझ्या गाडीची किल्ली काढून खिशात घातली. अशा वेळी बापानं काय करावं? मी खिशातून रुमाल काढला आणि गाडीची सीट पुसायला लागलो.

"मासे मेले, आता पुन्यांदा काय टाकाले आले? कोण तुमी?"

"मी तहसिलीत..."

"म्हणजे जमिनी मोजाले आले!"

मुलीनं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ते हातोहात फिरलं. फोटोत ना चष्मा, ना मास्क. "हे तं दुसरीच पोट्टी हाय," एकजण म्हणाला.

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. खांद्यावर पांढरा टॉवेल, आवाज हळू. "कोन्या गावचे? कोणाचे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. दुसरा प्रश्न मी लहानपणापासून ओळखतो. माझा बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, आणि परक्या गावात पाण्याजवळ वाकू नको, एवढी एकच गोष्ट त्यानं मला दटावून शिकवली होती. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, मुलगी विद्यापीठात गेली. तेवढा काळ हा धडा कुठे होता कोण जाणे, त्या दिवशी तो बापाच्या आवाजात परत आला.

म्हाताऱ्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. मुलीच्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं. "काई नाई ना त्याच्यात? मंग पी."

"हे नाई पेता येत, काका. याच्यात आम्ल हाय."

"ऐकलं का! आपल्याच तोंडानं बोलली!"

घेर लहान झाला. पंपवाल्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, औषधाचा वास नाकात गेला. मला मुलीचे फक्त हातमोजे दिसत होते. ते बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा आवळत होते. घरी आईला उलट बोलणारी, मला रोज दोनदा मूर्खात काढणारी माझी पोरगी भ्यायली होती. तिनं मास्क काढला. "बाटलीतलं बाटलीतच हाय. तुमाले भेव तळ्याचं हाय ना? मी तळ्यातलं पेते." आणि ती वाकली.

"तू नको. मी."

ही गोष्ट मी घरच्या बैठकीत सांगतो तेव्हा इथं गरजतो. बायको तिथं नव्हती, तरी ती दर वेळी टोकते, "खरं सांगा." खरं असं की आवाज बकरीसारखा निघाला. बुटांसकट पाण्यात शिरलो. काठावर म्हशी बांधून ठेवलेल्या. ज्या तळ्याला माझ्या बापाला हात लावू दिला नसता, त्याचंच पाणी पी म्हणून गाव मला दटावत होतं. आमच्या लोकांत तळ्याच्या पाण्याचा केवढा मान! मी तो डोळे घट्ट मिटून, मेलेले मासे आठवत घेतला. चिखल, शेवाळ आणि म्हैस, अशी चव होती.

"आखीन एक," म्हातारा म्हणाला.

आणखी एक ओंजळ. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे. मीही स्वतःकडे तसाच बघत होतो. मी पडलो नाही. बऱ्याच वेळानं किल्ली परत मिळाली. मुलीनं तेवढ्यात तपकिरी बाटली भरून घेतली होती. म्हाताऱ्यानं माझा नंबर घेतला. "रिपोट आला की आमाले सांगजा. इथं येऊन सांगजा."

मुलगी हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "सार, जित्ते हाव ना?"

"हो."

"बरं. मंग म्हशी सोडतो पाण्यात."

मग रोज. मी चहा घेत असलो की हा प्रश्न. पोटात जरा गुरगुरलं की मला मासे दिसायचे. झोपताना जीभ आरशात बघायचो. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी विचारलं तळ्याचं पाणी काऊन पेले, तर नीट सांगताच येईना. बायको म्हणाली, "माणूस म्हणून कोणी कधी विचारलं नाई, मासोळी म्हणून रोज इचारपूस होते."

शेवटी प्रयोगशाळेतून मुलीचा फोन आला. धातू फार नव्हते. तपकिरी बाटलीत मात्र फवारणीचं औषध सापडलं होतं.

"मी जगतो का?" मी विचारलं.

"बाबा, तुमी दोन ओंजळी पेले. मासे त्यातच राहत होते." मग ती म्हणाली, "जिथून पाणी घेतलं ना, तिथंच ते लोक पंप धुतात. काठावर रिकामे डबे पडले होते. कोणी टाकलं नाई काई."

म्हणजे ज्यांनी आम्हाला घेरलं, त्यांच्याच पाठीवर ते होतं. मी म्हटलं, फोनवर कळवू.

"तिथं येऊन सांगतो म्हटलं हाय."

रविवारी निघालो. पहिल्या दिवशी निदान आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आता त्यांच्याच अंगावर येणारी गोष्ट घेऊन आम्ही चाललो होतो. बायकोनं घरच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि काहीच टोमणा मारला नाही, त्यानं मी आणखी खचलो. गावात पोचताच किल्ली गाडीतून काढून मुठीत धरली, ती सोडली नाही.

पंचायतीच्या ओट्यावर मुलीनं सगळं सांगितलं, न अडखळता.

"म्हणजे आमीच मारले?" किल्लीवाला तरणा उठून उभा राहिला. मी किल्लीची मूठ खिशात घातली.

"जाणून नाई मारले," मुलगी म्हणाली. "पंप घरी धुवा, ते पाणी शेतातच सोडा. डबे काठावर टाकू नका."

तरणा म्हाताऱ्याकडे बघायला लागला. म्हातारा जमिनीकडे बघत होता. "मीच सांगत होतो पोट्ट्याइले," तो म्हणाला, "घरी वास येते, तळ्यावर धुवा." मग माझ्याकडे वळला. "सार, त्या दिवशी तुमी पडले असते तं? मले झोप नाई लागली. म्हणून तं फोन करत होतो. म्हशीचं आपलं असंच."

त्यानं आत हाक मारली. त्याच कपडे धुणाऱ्या बाईनं स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं आणि माझ्या हातात दिलं. सगळे बघत होते.

"नळाचं हाय," ती म्हणाली.

तरी तोंडाला लावण्याआधी मी मुलीकडे पाहिलं. तिनं पेल्यात डोकावून पाहिलं आणि हो म्हणून मान हलवली.